जुळलेली भिंत

तिने वाचनालयाची खिडकी ढकलली आणि बाहेर परांचीवर उभ्या माणसाची बादली कलंडली.

"अहो, जीव घ्याल!"

"खिडकीबाहेर माणूस लटकलाय, हे काय मला स्वप्नात दिसलं होतं?"

झालं, तिथून सुरुवात. ती विद्यापीठाची ग्रंथपाल, जिभेने तिखट. तो भेगा बुजवायला परगावाहून आलेला कारागीर. हसला की आधी डोळे हसायचे. इमारत उघड्या काँक्रीटची. ना गिलावा, ना रंग. साच्याच्या फळ्यांच्या रेषा भिंतीवर जशाच्या तशा उमटलेल्या. लोक म्हणत, अर्धवटच सोडलीय मेली. हिला मात्र त्या रेषांवरून घसरणारं ऊन बघत बसायचा नाद.

भेगांत भरायचा नवा मसाला जुन्या भिंतीत मिसळून जायला हवा. म्हणून तो तिच्या खिडकीशेजारी नमुन्याचं ठिगळ लावायचा आणि वाळलं की विचारायचा, "जुळलं?"

"जरा निळसर वाटतंय..."

"मग पुन्हा करतो."

"करा की. मी कुठे हात धरलाय?"

खरं तर दुसऱ्या खेपेलाच ठिगळ जुळलं होतं. तिला दिसलंही होतं. पण जुळलं म्हटलं की भेगा बुजणार, आणि हा चालू लागणार.

घरी रोज भिंतीचंच ऐकून आई म्हणाली, "भिंतीकडे बघतेस की भिंतीवरच्याकडे?" ही पाणी प्यायला उठली, ती परत आलीच नाही.

एक दिवस कुलसचिव तणतणत आले. "जुळत नाही ना? मग अख्खी भिंत रंगवून टाका. पिवळी!"

पिवळी! तिने त्या रेषांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"जुळलंय, सर. ते दुसरं ठिगळ."

साहेब गेल्यावर तो हळूच म्हणाला, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"तुम्हाला नव्हतं?"

एवढा मोठा गडी, कानापर्यंत लाल झाला. तिथेच बोलून मोकळं व्हायचं की नाही? पण त्याने थापी उचलली, तिने पुस्तकं.

भेगा बुजल्या. परांची उतरली, सामान ट्रकात चढलं. निरोप घ्यायला तो वर आला, तर ती खिडकीतून हात काढून बाहेरच्या भिंतीवर फिरवत होती.

"काय शोधताय?"

"तुमचं काम. कुठेच दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजेच नीट झालंय."

"एवढं नीट करायला कोणी सांगितलं होतं?" तिचा हात भिंतीवरच थांबला. "आता मी काय बघत बसू — सांगा ना!"

तिच्या हाताशेजारी त्याने आपला हात भिंतीवर टेकला... खाली ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून थकला, आणि शेवटी त्याने इंजिन बंद केलं.