खिशातले हात

त्या सभागृहात मतदानाची तऱ्हा अशी, की ठरावाच्या बाजूचे उजव्या दाराने बाहेर पडायचे आणि विरोधातले डाव्या. पण बांधणाऱ्याने काय डोकं चालवलं होतं कोण जाणे, दोन्ही दारं बाहेर एकाच अरुंद बोळात उघडायची. आत मोठ्या तोऱ्यात वेगळे झालेले लोक बाहेर येऊन एकमेकांच्या पोटावर आदळायचे. याच बोळात एका दुपारी डॉक्टरीणबाई आणि पूलवाला समोरासमोर आले.

ती विरोधी बाकांवरची. निवडून येण्याआधी गुरांची डॉक्टर. बिथरलेल्या वळूला ती नुसत्या नजरेने खाली बसवते, असं तिचे मतदार सांगत. सभागृहात दोन मंत्री तसेच बसले होते. तो सत्ताधारी बाकांवरचा. आधी पूल बांधायचा, आणि त्या दिवसांतली पेन्सिल अजून कानामागे तशीच.

ती डावीकडे सरकली, तोही त्याच बाजूला. ती उजवीकडे, तर तोही...

"पूल बांधणारे ना तुम्ही?" ती म्हणाली. "मग माणसाला वाट देता येत नाही?"

"द्यायचीच आहे हो... पण तुम्ही क्षणभर थांबाल तर ना!"

"मी कुणासाठी थांबत नाही."

"बरं," म्हणत तो भिंतीला असा चिकटला, की मागून येणाऱ्या एका आजोबांनी त्याच्यावर कोट अडकवायला हात पुढे केला.

ती पुढे गेली. वळून पाहिलं, पण ते फक्त तो भिंतीपासून सुटला की नाही, एवढंच बघायला.

पुढच्या आठवड्यात आंतरराष्ट्रीय शांतता, सुरक्षा आणि विकास यांवरची चर्चा सुरू झाली. परराष्ट्रमंत्र्यांचं निवेदन इतकं लांबलं, की सकाळी गुळगुळीत दाढी करून आलेल्यांच्या गालांवर संध्याकाळी खुंट उगवले. मुद्दा मात्र खरा होता. दूरच्या, एकमेकांना लागून असलेल्या दोन देशांत नुकतीच युद्धबंदी झाली होती. मध्ये नदी, नदीवरचा पूल उडवलेला. सरकार म्हणत होतं, आपली शांतिसेना पाठवू. डॉक्टरीणबाईने दुरुस्ती मांडली: सैनिकांबरोबर पूल बांधणारेही पाठवा.

"युद्धबंदी म्हणजे काय?" तिने विचारलं. "समोरचा पाठमोरा असताना आपले हात खिशात ठेवणं. ते आज जमेल. पण उद्या त्याच हातांना काम नको? एका काठाचं दूध दुसऱ्या काठाच्या पोरांपर्यंत पोचू द्या, मग बघा बंदुका कोण उचलतो!"

बाकं वाजली. समोर पूलवाल्याचाही हात बाकाकडे गेला. त्याच्या पक्षाच्या प्रतोदांनी डोळे वटारले, तसा त्याने तोच हात केसांतून फिरवला. तिने ते पाहिलं... आणि न पाहिल्यासारखं दाखवलं.

सभागृहात दोन्ही बाजू अगदी बरोबरीत होत्या. आणि मतदानाच्या आदल्या दिवशी पूलवाला तिच्यासमोर उभा राहिला.

"उद्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. माझ्याशी जोडी लावाल?"

जोडी ही तिथली जुनी रीत. एका बाजूच्या सदस्याला अडचण असली, तर समोरचाही एक जण बाहेर बसतो. पारडं जिथल्या तिथे राहतं. याची कुठे नोंद नाही, शिक्का नाही. नुसता शब्द.

"माझ्याच दुरुस्तीच्या दिवशी? बरे सापडले की तुम्ही!"

"बाकी सगळ्यांना विचारून झालं. कुणी तयार नाही."

"म्हणजे मी शेवटची?"

"नाही... पहिल्या तुम्हीच आठवलात. म्हणून तर बाकीच्यांना आधी विचारलं."

या उत्तराचा अर्थ लावायला तिला थोडा वेळ लागला. "दिला शब्द," ती म्हणाली. "पण मी तुमच्यासोबत तिथेच बसणार. सत्ताधाऱ्यांचा काय भरवसा!"

हॉस्पिटल सभागृहासमोरच, रस्त्यापलीकडे. बाकड्यावर दोघं बसली, मध्ये एका माणसाची जागा सोडून. औषधांचा वास, काचेतून आलेलं ऊन. तो बोलत होता, पूल कसा उभा राहतो ते. बोलता बोलता त्याने कानामागची पेन्सिल काढून हवेतच कमान रेखाटली आणि ती त्या कमानीवरून जवळजवळ चालत गेली. मधली जागा कधी संपली, दोघांनाही कळलं नाही.

तेवढ्यात पलीकडे मतदानाची घंटा घणघणली. तिचा फोनही वाजला. तिच्या पक्षाचे प्रतोद, सगळ्यांचे काका.

"अगं ए, पळत ये! तो बाहेर आहे ना? तू आलीस की एका मताने जिंकलो!"

"काका, जोडी लावलीय."

"कुणी बघितलीय तुझी जोडी? पूल हवाय की नकोय तुला?"

तिने फोन बंद केला. हवा होता. इतका हवा होता की पाय आपोआप दाराकडे वळले.

पूलवाल्याने ऐकलं होतं. "जा तुम्ही," तो हळूच म्हणाला. "आईशप्पथ, मी तक्रार करणार नाही."

"तुम्ही गप्प बसा हो! कुणाला कधी 'जाऊ नका' म्हणता येतं का तुम्हाला?"

ती दारापर्यंत गेली. घंटा वाजतच होती. मग तिने कोटाच्या खिशांत दोन्ही हात खोल खुपसले, तशीच मागे फिरली आणि बाकड्यावर येऊन बसली. घंटा थांबली. तिचे डोळे भरून आले होते, आणि तो शहाणा, खिडकीबाहेर बघत राहिला.

थोड्या वेळाने आईला बाहेर आणलं, एका डोळ्यावर पट्टी.

"ही कोण रे?"

"विरोधी पक्षातल्या आहेत, आई."

"विरोधातली? मग तुझा आवाज असा लोण्यासारखा का येतोय? एक डोळा बांधलाय माझा, कान दोन्ही उघडे आहेत!"

मतं समसमान पडली होती. अशा वेळी अध्यक्षांनी चर्चा चालू राहील असं मत द्यायचं, हीही तिथली रीत. त्यांनी तसंच दिलं. दुसऱ्या दिवशी चर्चा, मग पुन्हा मतदान.

निघताना ती पूलवाल्याला म्हणाली, "सांगून ठेवते. उद्या माझ्यावर मेहेरबानी म्हणून मत दिलंत, तर जन्मात बोलणार नाही तुमच्याशी."

दुसऱ्या दिवशी तो उभा राहिला. त्याला लवकरच उपमंत्री करणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"मी पूल बांधलेत," तो म्हणाला. "एकाच काठावर उभं राहून पूल होत नाही. पलीकडच्या काठावर माणूस लागतो, आणि आपली नजर नसतानाही तो दोर सोडणार नाही, हा भरवसा लागतो. असा भरवसा असतो, हे मी काल पाहिलं. शांतता याहून वेगळी नसावी. दुरुस्तीला माझा पाठिंबा आहे."

त्याच्या प्रतोदांचा चेहरा असा उतरला, की तो उचलायला शिपाई धावले. उपमंत्रिपद तिथेच बुडालं. पूल त्याच्या एका मताने तरला.

बोळ रिकामा झाला तरी डॉक्टरीणबाई तिथेच उभी होती.

"थांबलात?" तो म्हणाला.

"गर्दी होती."

बोळात चिटपाखरू नव्हतं.

"मत का दिलंत? खरं सांगा."

"मत पुलाला दिलं. ते तुमचं भाषण ऐकलं तेव्हाच ठरवायला हवं होतं, हिंमत काल आली." तो घुटमळला. "तुमच्यासाठी... दुसरं काही आहे. पण ते सभागृहात मांडता येत नाही."

"मग इथे मांडा."

"विरोध होईल?"

"चर्चा होईल. सविस्तर. पण परराष्ट्रमंत्र्यांसारखं लांबवू नका."

"तू मला आवडतेस... झालं निवेदन."

ती हसली. त्याचे दोन्ही हात खिशात होते, अगदी मनगटापर्यंत. तिने त्याच्या कानामागची ती पेन्सिल काढून घेतली आणि स्वतःच्या केसांत खोचली.

"युद्धबंदी पुरे झाली," ती म्हणाली. "हात बाहेर काढ बघू."

त्याने काढले.