मातीच्या बैलाचं पोट

जुईचे हात कोपरापर्यंत चिखलाने माखले होते. "आई, बैलाचं पोट भरलं का गं?"

"भरलं, राणी." शाल्मलीने शेवटची मूठभर करडी पूड मातीत मळून टाकली.

चीनमधल्या पीत नदीच्या मुखाजवळ, लिउतांग गावात, उद्या वसंताचं स्वागत होतं. त्या दिवशी गावकरी मातीचा बैल वाळुंजाच्या लवचीक फांद्यांच्या फोकांनी झोडून फोडतात आणि त्याची ढेकळं पळवून आपापल्या शेतात टाकतात. पीक जोमाने येतं म्हणे. यंदा बैल घडवायचा मान गावातल्या वडीलधाऱ्या हान आजोबांनी हौसेने या परदेशी मायलेकींना दिला होता.

रीत फार जुनी. नवी होती ती पूड. तिच्यात खारखाऊ जिवाणू झोपले होते. जमिनीची ऊब लागली की जागे होणार आणि समुद्राने खारवलेली शेतं पुन्हा गोड करणार. गेल्या वर्षी शाल्मलीच्या संस्थेची ड्रोन हीच पूड फवारायला आली, तेव्हा गावाने ती बांबूंनी पाडली होती. म्हणून वरिष्ठांनी सुचवलं होतं, बैलात घाला आणि गप्प बसा.

सकाळी सगळे मैदानात जमले. हिवाळ्याची सुस्ती जावी म्हणून जो तो मुळ्याच्या चकत्या कराकरा चावत होता. हान आजोबांनी फोक उगारला.

जुईने आईचा कोट ओढला. "पोटात काय आहे, ते यांना सांगितलंस ना?"

शाल्मलीच्या कॉलरवरचं बटणाएवढं दुभाष्या यंत्र बंदच होतं. लेकीला गप्प केलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. तिची नजर जुईच्या नखांतल्या मातीवर गेली. तिने बटण दाबलं.

"थांबा, आजोबा!" आणि तिने सगळं सांगून टाकलं.

"नको वाटले, तर परत काढता येतील?" आजोबांनी विचारलं.

"नाही. एकदा मातीत गेले की गेले."

आजोबांच्या शेताशेजारची मेई कडाडली, "बघा! पाहुणी म्हणून घरात घेतलं, तर ही बैलाच्या पोटात शिरली!"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. आजोबांनी तोंडातला मुळा सावकाश संपवला आणि फोक शाल्मलीपुढे धरला. "घे. पहिला फटका तुझा. वाईट झालं, तर पुढच्या वर्षी कुणाला झोडायचं ते ठरलेलं बरं."

तिने सगळा जीव एकवटून फटका मारला. पोट फुटलं. निम्मे लोक ढेकळांवर तुटून पडले. निम्मे जागचे हलले नाहीत. मेई तरातरा निघून गेली.

आजोबांनी टोपीत एक मोठं ढेकूळ घेतलं. मायलेकी त्यांच्या मागोमाग शेतावर गेल्या. बांधापलीकडे, मिठाने पांढऱ्या पडलेल्या आपल्या रानात, मेई हाताची घडी घालून उभी होती.

"माझं ठरलंय," आजोबा म्हणाले. ढेकूळ अजून त्यांच्या हातातच होतं. "पण ती नको म्हणते. तुझ्या जिवाणूंना बांध कळतो का गं, पोरी?"