पाठीवरचा टेकमान

रोल्पाच्या डोंगरांत तेव्हा रोज कुठे ना कुठे चकमक झडायची. माओवाद्यांचा एक नियम होता, आपलं माणूस मागे टाकायचं नाही. म्हणून त्या पहाटे गोळ्या लागलेला साथी टेकमान, हस्तबीर घर्तीच्या पाठीवर आला.

हस्तबीर जेमतेम अठराचा. त्याच्या बापाला सैनिकांनी नेलं, तो परत आलाच नाही. तेव्हा आईला एकटं सोडून पोरानं बंदूक उचलली होती.

"धुगधुगी आहे याच्यात," कमांडर अंधारात कुजबुजला. "खिंडीपलीकडे सरूदिदीकडे पोचव. ती औषधपाणी करेल. पळ!"

टेकमानला घोंगडीत गुंडाळून पाठीवरच्या वेताच्या डोकोत बसवलं होतं. टोपलीचा पट्टा कपाळावर घेऊन हस्तबीर निघाला. उजाडलं, पण धुकं असं दाट की स्वतःचे पाय दिसेनात. गुरांसाच्या झाडांवरून थेंब ठिबकत होते. मागून रक्ताचा गंजका वास येत होता.

चढणीला लागल्यावर टोपलीतून आवाज आला, "भाइ... दमलास?"

हस्तबीरला हायसं वाटलं. "नाही, दाजू. तुम्ही बोलू नका."

"मग तू बोल. माझा डोळा लागला तर गेलोच समज... घरी कोण असतं?"

त्याला जागं ठेवायचं म्हणून हस्तबीर बोलत सुटला. घरी आमा एकटीच. डोळ्यांत मोतीबिंदू, तरी मक्याचा ढिंडो असा घोटते की बोटं चाटत बसावं. घर ओढ्याच्या वर, अक्रोडाखाली.

"घरी गेलास की दार वाजवतोस का रे?"

"छे! नुसता खोकतो. तिला कळतं."

"कसा...?"

हस्तबीरनं हसत खोकून दाखवलं. मागूनही खोकला आला. हुबेहूब तसाच.

"दाजू, नक्कल झकास करता हं!" तो म्हणाला खरा, पण पावलं भरभर उचलू लागला. त्यानंतर मागून अवाक्षर आलं नाही. टोपली मात्र एकाएकी हलकी वाटू लागली.

खिंडीपलीकडे पोचल्यावर सरूदिदीनं घोंगडी उलगडली आणि हात मागे घेतला.

"कालच गेलाय हा. अंगाचं लाकूड झालंय."

"आत्ता बोलत होता, दिदी..."

"कशानं बोलेल?" तिनं तोंडावरचं फडकं सोडलं. गोळ्यांनी जबडा पार उडवला होता.

घर, अक्रोड, खोकला, सगळं हस्तबीरनं त्या आवाजाला सांगून टाकलं होतं. मग बंदूक तिथेच टाकून तो घराकडे पळत सुटला.

तिन्हीसांजेला तो अक्रोडाखाली पोचला. छपरातून धूर निघत होता. दाराला आतून अडसर. तो खोकला.

"कोण ते?"

"आमा, मी. हस्तबीर."

मग आमाचा संतापलेला आवाज आला, "म्हातारीची थट्टा करतोस, मेल्या? माझा लेक दुपारीच आलाय. जेवतोय."

आणि आत कुणीतरी खोकलं.

हस्तबीर वाट फुटेल तिकडे धावला. ओढ्यापाशी सैनिकांची गस्त होती. "थांब!" अशी आरोळी आली. ती त्याला ऐकूच आली नसावी. गोळी छातीत लागली.

गस्त गेल्यावर शेजाऱ्यांनी त्याला उचलून आमाच्या दारी आणलं. तिनं दार किलकिलं केलं, वाकून त्याच्या गार चेहऱ्यावरून हात फिरवला. गाल चाचपले, कपाळ चाचपलं.

"कुणाचं रे हे पोर?" ती हळहळली. "किती कोवळं... याच्या आईला कळवा कुणीतरी."

तेवढ्यात घरातून, चुलीपलीकडच्या काळोखातून, हस्तबीरचा आवाज आला.

"आमा, दार लाव ना... थंडी येतेय."