वरची कडी

"सपनाताई, धावा! रत्नमालाच्या घरातून धूर निघून राह्यला!"

शेजारीण बेबीताईची हाक ऐकून केनवडच्या पोलीस पाटील सपनाताई भाकर ताटात तशीच टाकून निघाल्या.

रत्नमालाचे दोन्ही पाय पोलिओनं गेलेले. हातांवर सरकत चालायची, एकटी राहायची, ब्लाउज शिवून पोट भरायची. गल्लीनं बादल्या ओतून आग विझवली होती. जमिनीवरच्या गॅसशेजारी गिऱ्हाइकांच्या कापडांचा कोळसा पडला होता. ती तीनचाकीवरून दळण घेऊन आली, ते बघून उंबऱ्यातच बसली.

शिरपूरचा तिचा भाऊ विनोद आधीच हजर, आणि तोंडाचा नुसता पट्टा सुटलेला.

"गॅस चालू ठेवून गेली! एखाद्या दिवशी सारी गल्ली जाळन हे. आजच माह्यासंग चाल. घराचं मी पाह्यतो."

"म्या बंद केलता."

"लंगडी त लंगडी, वरून खोटारडी!"

सपनाताईंच्या डोक्यात तिडीक गेली. पण त्या दाराकडे वळल्या. दाराला बाहेरून दोन कड्या होत्या. एक चौकटीच्या माथ्याशी, दुसरी गुडघ्याशी.

"बेबीताई, दार कोन्त्या कडीनं लागेल होतं?"

"वरच्या. म्याच काढली."

"तुमी लावता ते कधी?"

"नाही बा! एकडाव लावली, तं हे बिचारी उन्हात बाहीरच राह्यली. तवापासून गल्लीत कोनी वरच्या कडीले हात लावत नाही."

"विनोद, तुले कोनं बलावलं?"

"बेबीताईनं. फोन केला."

"म्या?" बेबीताई उसळली. "तुहा नंबर माह्यापाशी हायेच कुठी?"

"आता ऐक," सपनाताई म्हणाल्या. "रत्नमाला खालची कडी लावून गेली. वरची तिच्या हाताले पुरत नाही. मंग तू आत शिरला, गॅस पेटवला, कापडं जवळ सरकवले. निंगताना घाईत हात सवयीनं वर गेला. गल्लीतलं लेकरूबी अठी वाकून कडी लावते. तू बहिनीच्या दारी येत असता, तं तूबी वाकला असता. अन् शिरपूरची गाडी काय उडत आली? आगीच्या आंदीच तू गावात होता."

विनोदचा चेहरा उतरला.

"तिच्या भल्यासाठीच केलं... घरबी तं बापाचंच हाय ना..." तो रत्नमालाकडे वळला. "बाई, पोलिसात नको देऊ. भाऊ हाओ तुहा."

रत्नमालानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ताई, लिवा. फिर्याद मीच देतो. अन् पत्ता अठचाच लिवा."