खाणीतली ऊब

दिवा विझला, तेव्हा तिला बरंच वाटलं.

स्वच्छ ऊर्जेच्या प्रकल्पांना भांडवल पुरवणारी ती सरकारी संस्था. विजेच्या बचतीचा तिथे असा काही जाच होता की माणूस हलला तर दिवा लागायचा आणि स्वस्थ बसला की आपोआप विझायचा. बैठकीत वरिष्ठांना डुलकी लागली की खोलीत अंधार व्हायचा आणि सगळे हसू दाबत हात हलवायचे. चौथ्या मजल्यावरच्या लहान खोलीत मात्र ती दुपारी मुद्दामच न हलता बसायची. वडील नुकतेच गेले होते. भांडवली गुंतवणूक विभागाच्या प्रमुखाने रडायचं कुठे, याची सोय संस्थेच्या नियमांत नव्हती.

दार उघडलं. लख्ख उजेड पडला.

"अरे— माफ करा. मला वाटलं, खोली रिकामी आहे."

दारातल्या माणसाच्या खांद्यावरून पाणी निथळत होतं, काखेत नकाशांची गुंडाळी होती... आणि डोळे हसरे होते. डोळ्यांचं नंतर बघू, असं तिने ठरवलं आणि घाईघाईने गाल पुसले. त्याने ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं. तेवढ्यावरच ती निम्मी हरली होती, पण हे तिला पुष्कळ उशिरा कळलं.

"अंधारात काय करताय?"

"विजेची बचत."

तो हसला. "म्हणजे इथल्याच दिसता. मग एक सांगा, ती कात्री कुठे बसते?"

कात्री म्हणजे तीच. समोर आलेला प्रत्येक प्रस्ताव कापते म्हणून पाठीमागे तिला सगळे तेच म्हणायचे.

"तिच्याकडे काय काम?"

"आमचा प्रस्ताव दोनदा कापलाय बाईंनी. म्हटलं, या खेपेला स्वतःच जाऊन मान पुढे करावी."

"कशी आहे म्हणतात?"

"खडूस. हसत नाही, वर बघत नाही. घरी माणसं कशी सहन करतात देव जाणे."

"घरी कुणी नाहीच आता," ती म्हणाली आणि उठली. "चला, दाखवते."

तिने त्याला आपल्या खोलीत नेलं, स्वतः टेबलामागे जाऊन बसली आणि हात पुढे केला. "हं. कुठेय मान?"

उचलली जीभ लावली टाळ्याला, की असं होतं! तो कानापर्यंत लाल झाला. पण पळाला नाही. त्याने नकाशा उलगडला, चार कोपऱ्यांवर तिचाच पेला, तिचाच चष्मा, तिचंच घड्याळ आणि स्वतःची किल्ली ठेवली आणि बोलायला लागला.

त्याचं गाव डोंगराच्या कुशीत होतं. तिथली कोळशाची खाण बऱ्याच वर्षांमागे बंद पडली होती. आता ती पाण्याने भरली होती आणि जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने ते पाणी बारमाही कोमट असायचं. त्या पाण्यातली ऊब नळ्यांवाटे गावात आणायची, एवढंच त्याचं म्हणणं होतं. वाटेत खाणकामगारांचं रुग्णालय होतं, कोळशाने छाती गेलेल्या म्हाताऱ्यांचं. त्याच्या वर चढणीला घरांच्या रांगा. हिवाळ्यात त्या घरांच्या भिंतींना आतून ओल धरायची आणि दर हिवाळ्यात एक-दोन म्हातारी माणसं झोपेतच जायची.

"पाणी गावात येत नाही," तो म्हणाला. "पाणी खाणीतच राहतं. ऊब तेवढी वर येते."

हे तो जरा जास्तच जपून म्हणाला. तिला तेव्हा त्याचं कारण कळलं नाही.

कळलं ते गावात गेल्यावर. जागा पाहिल्याशिवाय कशालाही भांडवल द्यायचं नाही, हा तिचा शिरस्ता होता. खाणीच्या तोंडाशी चाचणीसाठी एक नळी बसवली होती आणि तिच्यातून कोमट पाणी हौदात पडत होतं. भुरभुर पाऊस, हाडं गोठवणारा वारा. हौदाच्या काठावर एक म्हातारी पाण्यात हात बुडवून बसली होती.

"माझी आई," तो म्हणाला. मग थांबून, "धाकटा आत आहे... माझा भाऊ."

खाणीत आग लागली होती. ती विझवायला वरून पाणी सोडलं. आत माणसं होती. ती वर आली नाहीत, आणि नंतरही कुणी त्यांना काढू शकलं नाही. थोरला तेव्हा शहरात इंजिनिअर होत होता. त्याच्या शिक्षणाचा खर्च धाकटा खाणीत उतरून भागवत होता.

अशा वेळी लोक काय बोलतात ते तिने महिनाभर ऐकलं होतं आणि त्यातलं काहीही तिच्या उपयोगी पडलं नव्हतं. ती म्हातारीशेजारी बसली आणि तिनेही पाण्यात हात बुडवले.

"गावातले नको म्हणत होते," म्हातारी म्हणाली. "त्यांच्या अंगावरचं पाणी, आणि त्यावर आपण शेकायचं? मी म्हटलं, अरे, लहानपणी रात्री उठून माझ्या पायावर पांघरूण घालायचा तो. आता घातलं तर काय बिघडलं?" मग तिच्याकडे निरखून बघत, "तुझं कोण गेलं गं, पोरी?"

"बाबा."

"हं. वाटलंच. ठेव, हात ठेव अजून."

परतताना पुलावर वाऱ्याने छत्री उलटी केली. दोघं ती सरळ करायला धडपडले. काड्या मोडल्या, कापड फाटलं, दोघंही नखशिखांत भिजले आणि कितीतरी दिवसांनी ती मोठ्याने हसली.

"कात्री हसते!" तो म्हणाला.

"कुणाला सांगितलंत तर प्रस्ताव कापीन."

"नाही सांगत. पण एक अट आहे..."

"अटी मी घालते."

"...पुन्हा हसायचं."

त्याने तिचा हात धरला. पूल संपला तरी सोडला नाही. तिनेही सोडवून घेतला नाही.

त्यानंतर प्रस्ताव तिसऱ्यांदा लिहिला गेला. आकड्यांसाठी रोज फोन व्हायचा, आकडे आटोपायचे आणि फोन चालूच राहायचा. "आज अंधारात बसलात?" तो विचारायचा. "नाही," ती म्हणायची, "आज वेळच झाला नाही." हे खरं होतं. पण रात्री छताकडे बघत पडली की तिला समितीची बैठक आठवायची.

गुंतवणूक समितीची एक रीत होती. बैठक सुरू होताना अध्यक्ष विचारायचे, "आजच्या विषयांशी कुणाचा काही संबंध?" आणि सगळे शाळेतल्या हजेरीसारखे ओळीने म्हणायचे, "काही नाही." संबंध असेल त्याने उठून बाहेर जायचं, बोलायचं नाही, मत द्यायचं नाही. तिच्या आठवणीत कुणीही कधी उठलं नव्हतं.

आणि या खेपेला ती उठली, तर खाणीच्या बाजूने बोलायला कुणी उरत नव्हतं. तिच्या हाताखालच्या उपप्रमुखाला सगळं भांडवल समुद्रकाठच्या मोठ्या सौर प्रकल्पाकडे वळवायचं होतं. त्याचंही चूक नव्हतं; तिथे वीज जास्त मिळणार होती. डोंगरातल्या म्हाताऱ्यांची थंडी कुठल्याच हिशेबात बसत नव्हती. ती बसवायची कशी, हे फक्त तिला माहीत होतं.

बैठकीच्या दिवशी सकाळी तो त्या लहान खोलीत आला.

"एक मागतो," तो म्हणाला. "आज 'काही नाही' म्हणा."

"ते खोटं होईल."

"मी खरं करतो. आजपासून भेटणार नाही. फोन नाही, गाव नाही, पूल नाही... मग संबंध उरलाच कुठे?"

"जमेल तुम्हाला?"

तो उभा होता तसाच उभा राहिला. तीही हलली नाही. दिवा विझला.

"नाही," अंधारातून तो म्हणाला. "नाही जमणार. पण आई त्या घरात आणखी एक हिवाळा... मी धाकट्याचं आधीच एवढं खाल्लंय. मला हे तरी करू दे."

त्याच्या आवाजात पहिल्यांदाच 'तुम्ही' नव्हतं, आणि हे लक्षात येऊन तिला रडू फुटलं. हात हलवला असता तर उजेड झाला असता. कुणीच हलवला नाही.

बैठकीत अध्यक्षांनी चष्मा पुसत नेहमीसारखं विचारलं. "काही नाही," उपप्रमुख म्हणाला. "काही नाही," शेजारचे म्हणाले. तिची पाळी आली. दोन शब्द! वडिलांच्या आजारपणात रोज "काही नाही, बरं वाटेल" म्हणत ती खोटं बोलली होती, आणि ते गेल्यावर त्याचीच बोच तिला जास्त लागली होती.

"आहे," ती म्हणाली.

अध्यक्षांचा हात थांबला. "काय आहे?"

"संबंध. खाणीच्या प्रस्तावाशी... म्हणजे, तो घेऊन येणाऱ्या माणसाशी."

"कशा प्रकारचा?"

"माझं त्यांच्यावर प्रेम आहे."

सगळे इतके स्तब्ध झाले की दिवा विझेल की काय असं वाटलं.

"हे... असंच लिहू?" अध्यक्षांनी बिचाऱ्यांनी विचारलं.

"असंच लिहा," ती म्हणाली आणि बाहेर गेली.

निकाल संध्याकाळी लागला. रुग्णालयापर्यंतची नळी मंजूर. वरच्या घरांची नामंजूर. पुढे कधीतरी विचार करू. उपप्रमुखाने तिचंच टिपण वाचून दाखवलं होतं, प्रामाणिकपणे पण कोरडेपणाने, आणि कोरड्या वाचनाने जेवढं पदरात पडतं तेवढं पडलं होतं.

तो जिन्याखाली उभा होता. त्याला सगळंच कळलं होतं, तिचं वाक्यसुद्धा.

"एका शब्दासाठी," तो म्हणाला. "अर्धं गाव थंडीत राहिलं."

"हो."

"त्यात माझी आई आहे."

"माहीत आहे मला!"

तो तिच्याकडे बघत राहिला. त्या नजरेत प्रेम नव्हतं असं नाही. त्याचाच तर त्याला राग आला होता. मग तो पाठ फिरवून पावसात निघून गेला. तिने हाक मारली नाही.

मग कित्येक महिने काहीच नाही. नळी घालायचं काम सुरू झाल्याचं तिला दुसऱ्यांकडून कळलं. सौर प्रकल्पवाल्यांनी आपला वाटा कापला गेला म्हणून तक्रार केली आणि चौकशी लागली. पुलावर दोघांना पाहणाराही निघाला. प्रस्ताव लिहून होत असतानाच तुम्ही का नाही सांगितलं, असं तिला विचारलं गेलं. तेव्हा ती फार सुखात होती, एवढंच खरं होतं, आणि ते उत्तर चालण्यासारखं नव्हतं. तिला प्रमुखपदावरून हलवलं. तिच्या जागी उपप्रमुख आला. पण मंजुरी टिकली. निर्णय झाला तेव्हा ती खोलीत नव्हती, आणि का नव्हती ते तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. 'काही नाही' म्हणाली असती, तर मिळालेलं अर्धंही गेलं असतं.

कडाक्याची थंडी पडली त्या दिवशी फोन आला.

"आई बोलावतेय," तो म्हणाला. "आणि मी पण."

तो बस थांब्यावर उभा होता. गालफडं बसली होती. तिने निरखून बघितलं; डोळे तेच होते.

"चौकशीचं कळलं," तो म्हणाला. "मी तुला खोटं बोलायला सांगत होतो. बोलली असतीस तर सगळंच बुडालं असतं. आणि मी... जिन्याखाली काय काय बोललो."

"खरंच बोललास. अर्धं गाव अजून थंडीत आहे."

"हो. आहे."

"मग?"

"मग काय... वरच्या घरांसाठी पुन्हा लिहायचंय. नवा साहेब तुझ्यापेक्षा खडूस आहे." तो जरासा हसला, आणि ते हसू टिकलं नाही. "मला एकट्याने नाही जमत गं. काहीच नाही जमत."

तिने त्याचा हात धरला. तो गार पडला होता. दोघं तसेच चालत रुग्णालयात गेले.

तळमजल्यावर लांबलचक दालन होतं. खिडकीखाली भिंतीलगत जाड नळी गेली होती आणि तिच्या कडेने बाकं मांडली होती. छातीतून घरघर आवाज येणारे म्हातारे पाठ शेकत बसले होते. वरच्या रांगांतल्या बायाही आल्या होत्या. आपली घरं गार म्हणून दिवस इथे काढायचा आणि रात्री पुन्हा ओल्या भिंतींत जायचं. त्याची आई टोकाच्या बाकावर होती. खूप वाळली होती. ओठांवर निळसर झाक होती. हिवाळा अजून सगळा बाकी होता.

"आलीस?" ती म्हणाली. "रोज उतरते मी. चढताना दम लागतो. पण निम्म्या वाटेपर्यंत धाकटा आला, मग निम्मी मी गेले तर काय झालं?"

"आई... घरापर्यंत आणता आलं नाही मला." म्हातारीसमोर वाकत तिने म्हटलं.

म्हातारीने ते ऐकलं आणि मान हलवली. माफ केलं असं नाही, दोष दिला असंही नाही. तिने लेकाला एका बाजूला सरकवलं, मधे जागा केली आणि तिला बसवून घेतलं. मग तिचा हात उचलून नळीवर ठेवला. नळी ऊन होती.

म्हातारी नळीकडे वाकली आणि रोज बोलत असावी तशी हळूच म्हणाली,

"बघ रे, कोण आलंय... तुझी वहिनी."