शून्यावर ठेवलेला ठेका

“चुकणाऱ्याला कळू द्यायचं नाही गं पोरी. हलकेच त्याचा आवाज खाली घ्यायचा… झोपल्या लेकराचा हात आई खाली ठेवते ना, तसं.”

ऑर्व्हिलकाकांचा हा आवाज मी बारा वर्षांची असतानाचा. आमच्या चर्चमध्ये मागच्या साउंडच्या टेबलाशी, आवाज कमीजास्त करायच्या बटणांपुढे, त्यांनी मला बसवलं, तेव्हाचा. काका गेले, टेबल माझ्याकडे आलं. त्यांचं शिकवणं मी मनापासून शिकले, आणि यंदा एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत मला मान वर करता आली नाही ती त्याच्यामुळेच.

एप्रिलमधल्या त्या शनिवारी दुपारी बर्फ वितळून पायऱ्यांवरून पाणी वाहत होतं. ओले बूट दाराशी काढून मी मोज्यांवरच आत गेले, तर वेदीच्या बाजूला नव्या इलेक्ट्रॉनिक ड्रमखालून दोन लांब पाय बाहेर आलेले. खऱ्या ड्रमच्या आवाजानं पहिल्या रांगेतल्या आज्यांची कानातली यंत्रं शिट्ट्या मारायची, म्हणून हा रबरी पॅडचा संच आणला होता. पायांच्या मालकानं हात वर काढून स्नेअरच्या, म्हणजे मधल्या छोट्या ड्रमच्या, पॅडवर काठी मारली. त्यातून गाईच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज आला.

“गाय आत आलीय का?” मी विचारलं.

“आली बहुतेक,” खालून उत्तर आलं. “मोजे घालून आलीय.”

तो रॉइस टिडवेल. तळ्याकाठच्या बोटी दुरुस्त करायला टेक्सासहून आमच्या मिनेसोटात आलेला. वायरी सगळ्या उलटसुलट खोचल्या होत्या त्यानं. मी वायरींवरच्या खुणा वाचत गेले, तो एकेक वायर जागेवर खोचत गेला. तरी मोठ्या पॅडवर मारलं की शेजारची झांज आपोआप किणकिणायची.

“एकाला हात लावला की दुसरी का शहारते?”

“एकाच दांड्यावर बसवलीत ना. थरथर पोचते. झांज जरा कमी हळवी कर.”

“कमी हळवी…” बटण फिरवता फिरवता तो माझ्याकडे बघत राहिला. “आणि तुझं बटण कुठे असतं?”

मी वायरी गुंडाळायला घेतल्या. गुंडाळलेल्याच परत गुंडाळल्या.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, पहिलं गाणं सुरू झालं. वाजवताना रॉइस गाण्याच्या पुढे पळत होता. दर ओळीला थोडा पुढे… मध्येच माझ्याकडे बघून हसायचा, आणि आणखी पुढे. आज्या धापा टाकू लागल्या. पियानोवरच्या लिंडग्रेनबाईंनी डोळे मिटून घेतले. माझं बोट आपसूक हललं आणि ड्रमचा आवाज शून्यावर आला. गाणं सावरलं. त्याच्या हेडफोनमध्ये मात्र सगळं वाजतच होतं. रबरावरची बारीक टकटक गाण्यात विरून जात होती. त्याला कळलं नाही.

नंतर तळघरात कॉफी घेताना जो तो त्याला म्हणाला, “आज वेगळंच वाटलं हो.” आमच्याकडे तोंडावर कुणी वाईट बोलत नाही. ‘वेगळं’ म्हणतात आणि बशीत आणखी एक केकचा तुकडा वाढतात. टेक्सासच्या माणसानं ते कौतुक समजून तुकडा खाल्ला.

मग प्रत्येक शनिवार तसाच. तो आवाज निवडायचा, मी ऐकायची.

“हा स्नेअर फार कोरडा वाटतो का?”

“जरा ओलावा दे. थोडा घुमू दे.”

“तू सांगशील तेवढा देतो.”

आणि प्रत्येक रविवारी माझं बोट… मग कॉफीपाशी तो विचारायचा, “तिसऱ्या गाण्यातला आवाज कसा होता?” मी म्हणायची, “छान होता.” म्हणताना कपात बघायची. बुटात शिरलेल्या खड्याएवढी लाज. पण चालावं तितकी ती टोचत गेली. तो जितका आवडत गेला, तितकी जास्त.

“मॅरेन, सांगून टाक त्याला,” लिंडग्रेनबाई म्हणाल्या.

“तुम्हीच सांगा ना.”

“मी? मी त्याच्यासाठी बटाट्याचं सॅलड आणते. माझ्याकडून तेवढं पुरे.”

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी प्रार्थना संपली, लोक खाली गेले. रॉइस ड्रमपाशीच थांबला. हेडफोन काढले तेव्हा त्याचे कान लाल झालेले.

“मग… ऐकलंस? शेवटच्या गाण्यानंतरचा आवाज?”

“छान होता,” मी म्हणाले. सवयीनं.

“छान?” त्यानं हातातल्या काठ्यांकडे पाहिलं. “तुझी गाडी होती ती. बाहेरच्या खडीवर वळते तो आवाज. शनिवारी रेकॉर्ड करून एका पॅडवर ठेवला. तो आला की माझा आठवडा सुरू होतो, असं म्हणायचं होतं. बोलून जमत नाही, म्हणून वाजवलं.” तो जरासा हसला. “छान तर छान. जाऊ दे.”

माझी मान खाली गेली. एका माणसानं सगळ्या चर्चसमोर मन उघडं केलं होतं, आणि माझं बोट त्याचा आवाज दाबून होतं.

“मी ऐकलाच नाही, रॉइस.”

“म्हणजे?”

“आज नाही, एप्रिलपासून नाही. दर रविवारी मी तुझा आवाज शून्यावर ठेवते. तू पळतोस. फक्त तुझ्याच कानात वाजत असतं.”

त्यानं हेडफोन कानाशी नेले, परत खाली ठेवले.

“कुणाकुणाला माहीत आहे?”

“सगळ्यांना.”

“पास्टरना?”

“हो.”

“लिंडग्रेनबाईंना? त्या मला दर आठवड्याला सॅलड देतात.”

“म्हणूनच देतात.”

त्यानं काठ्या पॅडवर शेजारी शेजारी ठेवल्या. तळघरातून कपांची किणकिण वर येत होती.

“पहिल्याच दिवशी सांगायचंस,” तो म्हणाला. “ड्रमवरून उठलो असतो मी. कुणाला त्रास झाला नसता.”

“ते माहीत होतं मला.”

“मग का नाही सांगितलंस?”

गाल तापले होते, डोळे भरले होते. तरी पाच महिन्यांत पहिल्यांदा मी त्याच्याकडे सरळ पाहिलं.

“उठला असतास म्हणूनच. मग शनिवारी आला नसतास. लोकांना वाटतं, तुझं मन राखलं मी. नाही रे… तुला राखून ठेवलं, माझ्यासाठी. मला तू आवडतोस, रॉइस. पळतोस तरी.”