चव्वेचाळिसाव्या वर्षी सुरू झालेला डाव

“लाल आला! पळा!” ऋतुराज खुर्चीतून अर्धा उठून ओरडला.

“पळायचं कुठं? आपल्याकडं एकच तर ग्रह हाय!” क्रांती म्हणाली.

“मग लढा की!”

“कशानं? तुझ्या चपलेनं?”

मोठ्या पडद्यावर लाल राजाची एकोणचाळीस जहाजं निळ्या ग्रहाला वेढा घालून उभी राहिली. मुलांच्या निळ्या राज्याकडे जहाजं होती चार. प्रसेनजीत माउस हलवत राहिला, पण दोन मिनिटांत निळा ग्रह लाल झाला आणि पडद्यावर पाटी आली : ‘आपले साम्राज्य संपले.’ खेळ सुरू होऊन वीस मिनिटं होत होती!

“झालं?” दारातून विजयसिंह मामांनी विचारलं आणि वहीत फुली मारली. “आता रविवारची एक संधी राहिली तुमची. बाकीचे अकरा संघ कधीच गार झाले.”

हे सगळं चाललं होतं कोल्हापुरातल्या उगवती तालीम मंडळाच्या माडीवर. खाली तांबड्या मातीचा आखाडा, वर दहा संगणकांची खोली. पेठेतूनच पुण्याला नोकरीला गेलेल्या एका इंजिनिअरनं ते संगणक मंडळाला भेट दिले होते. दोन वर्षं मुलांनी ते मनसोक्त वापरले. पण यंदा काही मोठ्या माणसांना वाटू लागलं, की ही खोली गणपतीच्या देखाव्याचं सामान ठेवायला फार झकास आहे. भरपूर चर्चा झाली. (कोल्हापुरातली साधी चर्चासुद्धा चार घरं पलीकडे ऐकू जाते.) शेवटी मंडळाचे सेक्रेटरी विजयसिंह यांनी तोडगा काढला. मे महिन्यात ‘ताराराज्य’ या खेळाची स्पर्धा घ्यायची. खेळात पाच राजे संगणक स्वतः चालवतो आणि सहावं निळं राज्य मुलांचं. चार तासांत सगळ्यात मोठ्या लाल राजाची राजधानी घ्यायची. प्रत्येक संघाला दोन संधी. एका जरी संघाला जमलं तर खोली मुलांची. नाही जमलं तर संगणक खोक्यात आणि खोलीत देखावा.

विजयसिंह हे ऋतुराजचे पप्पा आणि क्रांतीचे मामा. क्रांती हुपरीची, सुट्टीला मामाकडे आलेली. हरलो तर या दोघांना वाईट वाटलं असतं, पण चार दिवसांत ती विसरून गेली असती. प्रसेनजीतचं तसं नव्हतं. त्याच्या घरी संगणक नव्हता. रोज शाळा सुटली की तो इथं येऊन स्वतःचं स्वतः प्रोग्रॅम लिहायला शिकत होता आणि त्याचं बघून पेठेतली सात-आठ मुलं शिकायला लागली होती. खोली गेली की ते सगळं बंद. तो हे कुणाला बोलून दाखवत नसे, पण त्या दिवशी जिना उतरताना त्याचे डोळे भरले होते आणि क्रांतीनं ते पाहिलं.

“मला एक कळत न्हाय,” ती पायरीवर बसकण मारत म्हणाली. “सरावाच्या संगणकावर आपण तीनदा खेळलो. तिन्ही वेळा जिंकलो! तोच खेळ, तोच लाल राजा. मग मोठ्या पडद्यावरच का हरतो?”

“त्या मशीनला आपलं तोंड आवडत न्हाय,” ऋतुराज म्हणाला.

“तुझं आवडत नसंल. ही वही बघ.” क्रांतीला सगळं लिहून ठेवायची सवय होती. “सरावाला लाल आपल्यावर कधी आला? साधारण अडीच तासांनी. आणि स्पर्धेत? अठरा मिनिटांनी. बाकीच्या संघांवरही अठराव्यालाच!”

प्रसेनजीतनं वही हातात घेतली. “लाल आधी आसपासचे रिकामे ग्रह घेतो. ते संपले की मग शेजाऱ्यावर चाल करतो. अठरा मिनिटांत एवढे ग्रह घ्यायचे, वर एकोणचाळीस जहाजं बांधायची... जमणारच न्हाय!”

“मग त्यानं ती आधीच बांधून ठेवल्यात,” क्रांती उठलीच. “चला वर!”

तिघं पुन्हा खोलीत आली. मामा चहाला गेले होते. क्रांती मोठ्या पडद्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात स्पर्धेच्या उद्घाटनाच्या दिवशी लावलेली हळदकुंकवाची पाच बोटं वाळून घट्ट बसली होती. त्यात चार अक्षताही चिकटल्या होत्या.

“याच्या खाली काय हाय?”

“पुसू नको! पप्पा आख्खी पेठ गोळा करतील!” ऋतुराज घाबरला.

“आमच्या हुपरीत खंडेनवमीला सगळ्या मशिनींना हळदकुंकू लावतात,” क्रांती ओढणीचं टोक ओलं करत म्हणाली. “पण चांदी तोलायच्या काट्यावर आकड्याच्या जागी कुणी बोट लावलं तर बाबा घर डोक्यावर घेतात. पूजा करा, पण आकडा दिसाय पायजे!”

तिनं कोपरा पुसला. प्रसेनजीतनं स्पर्धेचा साठवलेला डाव पुन्हा उघडला. हळदीच्या पिवळ्या डागातून बारीक अक्षरं दिसली : ‘वर्ष ४४’.

“चव्वेचाळीस?” प्रसेनजीत पुटपुटला. “सरावाला तर वर्ष एक असतं!”

मग तो बोटांवर मोजायला लागला. “खेळातलं एक वर्ष म्हणजे आपली तीन मिनिटं. त्रेचाळीस वर्षं आधीच गेल्यात. त्रेचाळीस त्रिक एकशे एकोणतीस. दोन तास नऊ मिनिटं!”

“दोन तास नऊ मिनिटं खेळत कोण होतं?”

ऋतुराजनं हळूच खिशातून फोन काढला. पेठेच्या ग्रुपवर उद्घाटनाचा व्हिडिओ अजून होता. व्हिडिओत भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. मुहूर्त! प्रमुख पाहुण्यांनी बटण दाबलं, टाळ्या पडल्या. मग फेटे बांधले. मग शाली आल्या. मग एक भाषण, दुसरं भाषण, एका काकांनी पोवाड्याच्या चार ओळी म्हटल्या, तिसरं भाषण. शेवटी मामा ‘मी सर्वांचे आभार मानतो’ म्हणाले, तेव्हा घड्याळात बारा वाजून चौदा मिनिटं झाली होती. त्यानंतर मामांनीच तो डाव ‘स्पर्धा’ या नावानं साठवून ठेवला.

“भाषणं!” तिघंही एकदम ओरडली.

फेटे बांधले जात होते तेव्हा पाचही राजे मुकाट्यानं ग्रह गोळा करत होते, आणि बिचारं निळं राज्य मात्र एका ग्रहावर बसून भाषणं ऐकत होतं. बारा संघ त्याच डावातून खेळले होते!

मामांना हे सांगितलं तर ते हसायलाच लागले. “अगं पोरी, कुस्ती लावताना पाहुणे काय करतात? दोन पैलवानांचे हात मिळवतात, फोटो निघतो, पाहुणे खाली उतरतात. मग कुस्ती सुरू होती. तसंच बटण दाबलं. खेळणारा आल्याशिवाय खेळ सुरू कसा हुईल?”

“मामा, संगणकाला फोटोचं काय कळतंय! त्यो बटण दाबल्या दाबल्या सुरू!”

“मुहूर्ताचा डाव हाय त्यो, बदलायचा न्हाय. हरायला लागलं की पोरं कायबी कारणं काढतात.”

प्रसेनजीतला भयंकर राग आला. कान लाल झाले त्याचे. पण क्रांतीनं त्याला बाहेर ओढलं. “मामाला सांगून पटत न्हाय. दाखवाय पायजे. आणि समजा त्यांनी डाव बदललाच न्हाय, तर हाच डाव जिंकायला पायजे.”

शनिवारी दिवसभर तिघांनी वही समोर ठेवून डोकं चालवलं. सयाजी आबा, तालमीचे म्हातारे वस्ताद, आखाड्यातून वर येऊन मागच्या बाकावर बसले होते. त्यांनी जन्मात संगणकाला हात लावला नव्हता.

“काय रं, ह्यो लाल गडी खेळतो कसा?” त्यांनी विचारलं.

“जड हाय आबा,” प्रसेनजीत म्हणाला. “पण तो नुसती शेजाऱ्याची जहाजं मोजतो. ज्याच्याकडं सगळ्यात कमी, त्याच्यावर जातो. जहाजात तोफा हायत का नुसती हवा, हे बघतच न्हाय. आणि त्याच्या कुठल्याही ग्रहाला जरा धक्का लागला, की सगळी फौज घेऊन तिकडंच पळतो.”

“सगळी?”

“सगळी!”

आबा मिशीत हसले. “मग त्याला धरायला जाऊ नका. हुलकावणी द्या. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. जड गडी पळाला की दमतो. पाय उचलला की धरायचा.”

प्रसेनजीत आबांकडे बघतच राहिला. मग त्यानं वहीचं नवीन पान उघडलं.

रविवारी खोली खचाखच भरली. अकरा हरलेले संघ, त्यांचे आईबाप, देखावावाली मंडळी, सगळे आले.

“पप्पा,” ऋतुराज अगदी गोड आवाजात म्हणाला, “आज आबांचा सत्कार करा की! आणि तुम्ही दोन शब्द बोला.”

मामांनी आजवर ‘दोन शब्दां’ना कधी नाही म्हटलं नव्हतं. आबांना फेटा बांधला गेला, मामांनीही एक बांधून घेतला. मामांनी माइक घेतला. त्यांच्या पाठीमागच्या मोठ्या पडद्यावर प्रसेनजीतनं स्पर्धेचा डाव लावला, बटण दाबलं, आणि तिघं पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसली.

मामा मंडळाच्या स्थापनेपासून सुरू झाले. वर्ष ४५. मंडळाच्या पैलवानांची नावं आली. वर्ष ४७. मग आजच्या पिढीत चिकाटी कशी राहिली नाही, यावर ते बोलू लागले. वर्ष ४९. लोकांचं लक्ष मामांवरून उडालं होतं. सगळे पडद्याकडे बघत होते. लाल जहाजं एकेक करून निघाली होती.

“विजयसिंह, मागं बघ! फौज आली!” आबा ओरडले.

“आबा, तुमचे आशीर्वाद हायतच,” असं म्हणून मामा पुढे बोलत राहिले. तेवढ्यात निळा ग्रह लाल झाला आणि त्यांच्या डोक्यावर पाटी झळकली : ‘आपले साम्राज्य संपले.’ खोलीत हशा उसळला! मामा गर्रकन वळले.

“कुणी हात लावला रं?”

“कुणीच न्हाय, मामा,” क्रांती उभी राहिली. “तुम्ही बोलत होता.”

मामांनी पडद्यावरचं वर्ष पाहिलं, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. ऋतुराजनं फोनवरचा व्हिडिओ पुढे केला. मामा भरमसाट बोलत, पण खोटं कधी बोलत नसत. त्यांनी फेटा काढून हातात घेतला. “पोरांनो, चूक माझी. अकरा संघ हरले न्हाईत. मीच हरवलं त्यास्नी. आता नवा डाव लावू.”

“म्हणजे सवलत!” देखावावाल्यांपैकी एक काका लगेच म्हणाले. “नियम म्हणजे नियम!”

आता प्रसेनजीत उठला. “नवा डाव नको. ह्योच. चव्वेचाळिसाव्या वर्षापासून.”

अकरा संघांनी असा गलका केला, की खाली आखाड्यातली मंडळी वर धावत आली.

पावणेअकराला डाव सुरू झाला. निळं राज्य इतकी वर्षं नुसतं बसून होतं, पण त्याची खाण चालू होती. त्रेचाळीस वर्षांचं लोखंड कोठारात पडून होतं. बाकीचे संघ त्यातून लढाऊ जहाजं बांधायला जात. एकेक बांधायला वर्ष दीड वर्ष लागे, आणि चार होतात न होतात तोच लाल हजर. प्रसेनजीतनं एकही लढाऊ जहाज बांधलं नाही. त्यानं मालवाहू जहाजं काढली. रिकामी डबडी नुसती! वर्षाला दहा.

“ह्यानं लढणार?” देखावावाले काका हसले.

पन्नासावं वर्ष उजाडलं. लाल फौज निघाली. ऋतुराजनं डोळे मिटून घेतले. निळ्या ग्रहाभोवती साठ डबडी उभी होती. लाल फौज थांबली, मोजल्यासारखी जरा रेंगाळली, आणि सरळ वळून हिरव्या राजावर गेली!

“गेला! मोजून गेला!” ऋतुराज नाचायला लागला.

लाल-हिरव्याची जुंपली तशी निळ्याला सवड मिळाली. दोन तासांत त्यांनी पाठीमागचे तीन दूरचे ग्रह घेतले आणि बारा खरी लढाऊ जहाजं बांधली. बारा विरुद्ध सत्तर. क्रांती वहीवर बोट ठेवून सांगत होती आणि प्रसेनजीत चालवत होता. दोन जहाजं लालच्या डाव्या टोकाला टिचकी मारून आली. हिरव्याशी लढणारी सगळी लाल फौज तिकडे पळाली. ती पोचेपर्यंत दुसरी दोन उजव्या टोकाला! फौज पुन्हा उलटी. मागे हिरव्यानं आपले ग्रह सोडवून घेतले. अशा पाच खेपा झाल्या. लालचं इंधन संपत आलं, जहाजं वाटेत अडकून पडू लागली.

“पाय उचलला त्यानं!” आबा उभेच राहिले. “आता धर!”

“आता!” क्रांती ओरडली.

उरलेली आठ जहाजं लालच्या राजधानीवर गेली. तिथं राखणीला तीनच होती. वेळ संपायला अकरा मिनिटं बाकी असताना लाल राजधानी निळी झाली.

त्यानंतरचा आरडाओरडा लिहिण्यात अर्थ नाही. प्रसेनजीत हसत होता आणि रडतही होता, आणि दोन्ही लपवायच्या भानगडीत पडला नाही. सयाजी आबांनी स्वतःचा सत्काराचा फेटा काढून त्याच्या डोक्यावर ठेवला. तो थेट नाकापर्यंत आला.

“शाब्बास रं गड्या! जड गडी पळवून पाडलास! आणि ह्या पोरीनं पुसलं नसतं तर आपण सगळी अजून त्या कुंकवालाच नमस्कार करत बसलो असतो.”

देखावावाल्या काकांनीसुद्धा मुलांच्या पाठीवर थाप मारली. “देखाव्याचं सामान माझ्या गॅरेजात ठिवतो,” ते म्हणाले. “पण आम्हांला बी शिकवायचं हां ते डबडी लावायचं!”

मामांनी खोलीची किल्ली प्रसेनजीतच्या हातात दिली. “आजपासनं ही तुझ्याकडं. तुझी ती शिकणारी पोरं घेऊन ये रोज.” मग त्यांनी माइक उचलला. तोंड उघडलं. आणि थांबले. पडद्यावर लढाई अजून चालूच होती.

“प्रसेनजीत,” त्यांनी हळूच विचारलं, “थांबवायचं बटण कुठलं रं ह्याचं?”

त्यानं दाखवलं. मामांनी ते स्वतःच्या बोटानं दाबलं, दबलं का ते दोनदा बघितलं आणि मगच आभार मानायला सुरुवात केली. ते पंचवीस मिनिटं बोलले. पडद्याच्या पुसलेल्या कोपऱ्यात शेवटपर्यंत वर्ष १२० च होतं.